क्रूझने बेटं बघायची आहेत: मुंबई–लक्षद्वीप की सिंगापूरहून? (सहा जण, नाशिकहून)

गंगापूररोडकर
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही सहा जण: आई ६८, बाबा ७३, आम्ही दोघं, मुलगी ११ आणि मुलगा ६. बाबा सपाटीवर व्यवस्थित चालतात, पण गुडघ्यांमुळे जिन्याला कठडा लागतोच. मुंबईहून निघून लक्षद्वीपला जाऊन येणारी क्रूझ डोक्यात आहे. प्रश्न चार:
१. बाल्कनीच्या केबिनला जास्तीचे पैसे मोजावेत का?
२. दिवाळीची सुट्टी बरी की नाताळची?
३. बोट लागते का? लागली तर काय करायचं?
४. सकाळी नाशिकहून निघून त्याच दिवशी जहाज गाठता येईल का?
सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझही एकाने सुचवल्या आहेत. बजेट थोडं ताणता येईल, पण उगाच नको.

मिसळमित्र
चौथ्या प्रश्नाचं उत्तर कसारा घाटालाच माहीत. जागा पकडून बसलोय.

डेकवरचा_बोका
केबिनबद्दल सांगतो. सहा जणांना तीन केबिन नकोत, दोन पुरतात. खाली दोन पलंग आणि भिंतीतून उघडणारा वरचा बर्थ, अशा तिघांच्या केबिन असतात. आजी-आजोबा आणि मुलगी एकीकडे, तुम्ही दोघं आणि मुलगा दुसरीकडे. वरच्या बर्थवर मुलीला झोपवा, सहा वर्षांच्या पोराला नको. तिसऱ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं, पण पोर्ट चार्जेस, जीएसटी आणि ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) डोक्यामागे लागतात. म्हणून जाहिरातीतला 'पासून सुरू' वाला आकडा विसरा आणि सगळं धरून सहा जणांचे किती ते लेखी घ्या.

बाल्कनी दोनातल्या एकाच केबिनला घ्या, आईबाबांच्या. मुलं दिवसभर पूल आणि बुफेच्या मधेच सापडतील. जुन्या जहाजांवर आतली केबिन सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची असते, त्यात तिघांच्या बॅगा पलंगाखालीच सरकवायच्या. आणि 'केबिन नंबर नंतर कळवू' असं स्वस्त तिकीट तुमच्यासाठी अजिबात नाही. त्यात एक केबिन पुढच्या टोकाला, दुसरी मागच्या टोकाला मिळू शकते.

केबिन निवडताना डेक प्लॅन उघडून वर-खाली काय आहे तेही बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप लागते. 'ओशन व्ह्यू' लिहिलेल्या काही खिडक्यांसमोर लाईफबोट लटकलेली असते, ते बारीक अक्षरात असतं.

सिडकोवाली
जाताना जहाज दक्षिणेकडे जातं, म्हणजे सूर्यास्त उजव्या बाजूला. येताना डाव्या. बाल्कनी घेणारच असाल तर एकदाच मिळणार हे धरून चाला.

जुना_खलाशी
केबिन, बाल्कनी, सूर्यास्त हे सगळं नंतर. तुमच्या घरात ७३ वर्षांचे गुडघे आहेत, तेव्हा पहिला प्रश्न हा की जहाज धक्क्याला लागणार, की भर समुद्रात थांबून तुम्हाला होडीत उतरवणार?

लक्षद्वीपची बेटं म्हणजे प्रवाळाची कडी. बहुतेक ठिकाणी जमीन कडीच्या पूर्वेकडच्या काठावर आणि पश्चिमेला लगून, म्हणजे उथळ निळं पाणी. मोठं जहाज लगूनमध्ये शिरूच शकत नाही. ते कडीच्या बाहेर थांबतं. जहाजाच्या पोटातला, पाण्यालगतचा दरवाजा उघडतात, होडी बाजूला लागते आणि तुम्ही एक पाऊल टाकून होडीत जाता. ते एक पाऊल हाच सगळा प्रश्न आहे. होडी वर-खाली होते, जहाज वेगळ्या तालात हलतं. दोन्ही बाजूंना खलाशी हात धरायला असतात. होडी वर येते तेव्हा 'आता' म्हणतात आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं असतं. अर्धा क्षण थबकलं की पायरी फूटभर खाली गेलेली असते. कठडा धरून सावकाश उतरायची सवय असलेल्या माणसाला नेमकं हेच अवघड जातं.

कप्तान जहाज आडवं करून एका बाजूला लाटांचा आडोसा तयार करतो, त्या बाजूने होड्या लावतात. पण लांबून आलेली लाट आडोशालाही वळसा घालून येते. तसं झालं की उतरणं रद्द. तिकिटाच्या अटींमध्ये कप्तानाला बंदर वगळायचा अधिकार असतोच. परतावा मिळाला तर त्या बंदराच्या चार्जेसपुरता, सहलीच्या भाड्याचा नाही. तेव्हा लक्षद्वीपची क्रूझ घेताना 'बेट दिसेल, उतरायला मिळेलच असं नाही' हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

मिसळमित्र
म्हणजे दोन दिवस समुद्र बघायचा आणि मग लांबून नारळ बघायचे.

खोबरेल
काका, एवढं घाबरवू नका हो. डिसेंबर ते मार्च अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, तेव्हा होड्या चालतात. आणि आजोबा उतरले नाहीत तर काय बिघडलं? रिकाम्या जहाजावर पूल, जेवण, चहा सगळं चालू असतं. मोकळं डेक मिळतं.

जुना_खलाशी
@खोबरेल, घाबरवत नाहीये. उतरायचं नाही हे घरातून ठरवून गेलं तर मजेचंच आहे. दरवाजापाशी, मागे दोनशे माणसांची रांग असताना ठरवावं लागलं तर नाही. जहाजाचे स्टॅबिलायझर म्हणजे दोन्ही बाजूंना पाण्यात बाहेर येणारे पंख. पाण्यातून पुढे जाण्याचा वेग असेल तरच ते काम करतात. जहाज थांबलं की त्यांचा जोर जातो. म्हणून प्रवासात स्थिर वाटणारं जहाज नेमकं होडीच्या वेळी डुलायला लागतं, आणि लोकांना वाटतं हवा बिघडली.

कॉलेजरोडची_सून
दुसऱ्या प्रश्नाचं: दिवाळी टाळा. अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम, पावसाळ्याच्या आधी मे-जून आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' होतं, ते सरतंय तोवर 'महा' लक्षद्वीपवरून गेलं. २०१७ मध्ये 'ओखी' डिसेंबर उजाडता उजाडता तिथे पोचलं होतं. म्हणजे नाताळ दिवाळीपेक्षा बरा, पण भाडं वर्षातलं सगळ्यात जास्त. मुलांची शाळा आठवडाभर बुडवायची तयारी असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी. समुद्र, भाडं आणि गर्दी तिन्ही जमतात.

सातपूर_एमआयडीसी
शाळा बुडवायची म्हणे! सहावीतल्या मुलीची युनिट टेस्ट असते हो ताई तेव्हा.

कॉलेजरोडची_सून
युनिट टेस्ट परत होते. आजोबांचे गुडघे पुढच्या वर्षी अजून वर्षभर जुने होतात.

औषधांचा_डबा
बोट लागण्याबद्दल. मुंबई ते कदमत (लक्षद्वीपचं एक बेट) जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ४६५ सागरी मैल, म्हणजे ८६० किलोमीटरच्या आसपास. सोळा-सतरा नॉटने (ताशी सागरी मैल) अठ्ठावीस तास. म्हणजे पहिली रात्र आणि दुसरा पूर्ण दिवस पाण्यातच, आणि त्रास व्हायचा असेल तर याच काळात होतो. दुसऱ्या रात्रीपर्यंत बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं.

कारण साधं आहे. कानातला तोल सांगतो 'हलतोय', डोळ्यांना केबिनची स्थिर भिंत दिसते, दोघांचं भांडण पोट सोसतं. म्हणून मळमळलं की केबिनमध्ये जाऊन मोबाईल बघणं सगळ्यात वाईट. डेकवर या, क्षितिजाकडे बघा. पोट रिकामंही नको आणि बुफेने फुगलेलंही नको. खाकरा, सुकी पोळी, भात.

गोळी उलटी झाल्यावर उपयोगाची नाही, बाहेरच पडते. जहाज सुटायच्या तासभर आधी घ्यायची. प्रोमेथाझिनने (एव्होमिन) झोप येते. वयस्कर माणसांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती अजिबात देऊ नका. सिनॅरिझिनबद्दलही विचारा. मुलाचा डोस वजनावर ठरतो, 'अर्धी गोळी देऊ' असा घरगुती हिशेब नको. आणि कोणतीही गोळी प्रवासाच्या आधी एकदा घरी घेऊन बघा. आजोबांना गुंगी येते हे हलत्या डेकवर कळायला नको.

आलेपाकवाला
आमच्या नावाला जागून सांगतो: आलेपाक.

औषधांचा_डबा
आल्याचा मळमळीला उपयोग होतो, खरंच. पण आईंना मधुमेह असेल तर आलेपाकातली साखर मोजा. साधं आल्याचं पाचकही चालतं.

डेकवरचा_बोका
केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. सी-सॉ डोळ्यांसमोर आणा, मधला कमीच हलतो. बाबांसाठी लिफ्टजवळची बघा, मात्र लिफ्टच्या अगदी समोरची नको, रात्रभर गप्पा ऐकू येतात. बाथरूमच्या उंबरठ्याचंही विचारा. जुन्या जहाजांवर तो चांगला पाच-सहा इंच उंच असतो, रात्री अंधारात ठेच लागते. घरून प्लगमध्ये बसणारा छोटा रात्रीचा दिवा न्या.

जुना_खलाशी
आणि मस्टर ड्रिल. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम कडक झाले, आता हे जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी करावंच लागतं. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत. त्यामुळे बुकिंग करतानाच 'जिन्याला मदत लागणारे प्रवासी' अशी बाबांची नोंद करा. केबिन ठरवताना जमायची जागा किती डेक वर-खाली आहे तेही बघा.

पंचवटीची_पासधारक
आता माझा विषय. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सातच्या सुमारास निघते आणि अकराच्या आत सीएसएमटी. तिथून बॅलार्ड इस्टेट, म्हणजे जिथून जहाज सुटतं, टॅक्सीने दहा मिनिटं. दुपारच्या बोर्डिंगला वेळ पुरतो, पण गाडी रखडली तर हातात काही उरत नाही. जहाज कोणासाठी थांबत नाही. चेक-इनचं काउंटर सुटायच्या दोनेक तास आधी बंद होतं, तीच वेळ 'सुटायची वेळ' समजा. सहा माणसं आणि इतके पैसे अडकलेले असताना आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. मुक्काम फोर्ट-बॅलार्डकडे घ्या. ठाण्यात घेतलात तर सकाळी तोच प्रश्न पुन्हा.

येताना जहाज सकाळी लागतं, उतरेपर्यंत दहा वाजतात. दुपारी एकच्या सुमाराची वंदे भारत आरामात मिळते, चुकलीच तर संध्याकाळी पंचवटी आहेच.

सातपूर_एमआयडीसी
गाडीने का नको? जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरी ते आमणे पूर्ण झालाय. घाटाचा प्रश्नच मिटला.

पंचवटीची_पासधारक
घाटाचा मिटला, आमणेच्या पुढचा नाही. भिवंडी-ठाणे आहेच. ते पार केलंत की ईस्टर्न फ्रीवेने थेट पी. डिमेलो रोडला, बॅलार्ड तिथून जवळ. पण चार-पाच दिवस गाडी लावायची कुठे? ड्रायव्हर असेल तरच गाडी.

अंबडचा_वकील
परमिटबद्दल कोणीच बोललं नाही. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, १९६७ च्या नियमांनुसार. क्रूझवाले किंवा टूरवाले तो काढून देतात, पण कागद तुमचे. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मधे आणि तिकिटावर गाळलेलं, असा घोळ हमखास असतो. बुकिंग करतानाच आधार समोर ठेवा. चेक-इनला मूळ कागद लागतो, झेरॉक्स आणि मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. मुलांचंही ओळखपत्र हवं.

दुसरं: प्रवाळ, मेलेला सुद्धा, उचलून आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत. मुलं किनाऱ्यावरचा पांढरा तुकडा खिशात टाकतात, त्यांना आधी सांगा.

द्राक्षबागाईतदार
नाशिकची वाईन नेली तर?

अंबडचा_वकील
बाहेरची दारू जहाजावर नेऊ देत नाहीत, स्कॅनरमध्ये बाटली दिसतेच. आणि लक्षद्वीपमध्ये बंगाराम बेट सोडून दारूबंदी आहे. जहाजावर घेतलेलीही खाली नेता येत नाही. द्राक्षं न्या म्हणायला गेलो असतो, पण ताजी फळंही जहाजावर घेत नाहीत. पॅकबंद चिवडा बहुधा चालतो, तरी यादी विचारून घ्या. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात. आगीची भीती.

सिडकोवाली
बॅगेबद्दल दोन गोष्टी. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनबाहेर संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून हातातल्या पिशवीत आईबाबांची दोन दिवसांची औषधं, सगळ्यांची ओळखपत्रं, चार्जर आणि मुलांचे पोहायचे कपडे. नाहीतर पोरं पूलकडे बघत संध्याकाळ करतात. शेवटच्या रात्री उलटं: बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा उद्याचे कपडे आणि चपला आत राहिल्यात का ते बघा. नाईटीत बॅलार्ड पिअरवर उतरू नका.

फोन जहाज सुटताच फ्लाइट मोडवर. समुद्रातलं जहाजाचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि त्याचं बिल नेहमीच्या रोमिंगसारखं नसतं.

खोबरेल
बेटावर उतरलात तर: प्रवाळावर अनवाणी नको, पाण्यातले बूट घ्या. कापलं तर जखम लवकर भरत नाही. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट बरा, पाठ होरपळत नाही आणि प्रवाळालाही त्रास नाही. लाईफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे, घातल्यावर खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. स्नॉर्केलच्या (पाण्यात तोंड घालून खालचं बघायच्या) मास्कखाली चष्मा बसत नाही. आणि गंगापूररोडकर, मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी शिरणार.

मिसळमित्र
मिशीला व्हॅसलिन लावा.

खोबरेल
नको. पेट्रोलियम जेलीने मास्कची कड खराब होते, तीही भाड्याच्या मास्कची. नाकाखालची बारीक पट्टी उतरवा किंवा सिलिकॉन ग्रीस.

रेल्वेवेडा
सरकारी पर्याय राहिलाच की. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' संस्थेचं 'समुद्रम' पॅकेज आहे. एम. व्ही. कवरत्ती जहाज, पाच दिवस, कवरत्ती-कल्पेनी-मिनीकॉय. रात्री जहाजात झोप, दिवसा बेटावर. मिनीकॉयचं १८८५ चं दीपगृहही बघायला मिळतं. आणि कोचीला जायला नाशिकरोडहून थेट गाडी, मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. नावातच लक्षद्वीप! कसारा घाट, कोकण रेल्वे, एर्नाकुलम.

जुना_खलाशी
मुलांना घेऊन उत्तम. आजोबांना घेऊन नको. तिथे तीन बेटं म्हणजे तीनदा चढ-उतर, तीही छोट्या होडीत. करमणुकीचं जहाज नाही ते, बेटांवरच्या लोकांची एसटी आहे.

इंदिरानगरची_आत्या
माझं मत सिंगापूरला. तिथून मलेशियातल्या पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे धक्क्यालाच लागतं, सरळ उताराच्या पुलावरून जॉर्ज टाउन शहरात. व्हीलचेअरही जाते. थायलंडच्या फुकेतला मात्र जहाजागणिक फरक, काही पातोंग किनाऱ्यासमोर थांबतात आणि होडीनेच उतरवतात. तेव्हा तिथेही तोच प्रश्न विचारायचा. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, कारण परत आल्यावर दुसरा प्रवेश मोजतात. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने वैध हवा. मुलांचा पाचच वर्षांचा असतो, तो बहुतेक घरांत संपलेला निघतो, आत्ताच काढून बघा. तोटा इतकाच की विमानाचा खर्च वाढतो, आणि पेनांग हे बेट असलं तरी निळं लगून तिथे नाही.

सातपूर_एमआयडीसी
म्हणजे लगून हवं तर होडी, धक्का हवा तर शहर.

इंदिरानगरची_आत्या
अगदी तेच.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे आभार. बाल्कनीचा प्रश्न घेऊन आलो होतो, तो सगळ्यात शेवटचा निघाला. सध्या असं ठरतंय: फेब्रुवारी, मुंबई–लक्षद्वीप, खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर तिघांच्या दोन केबिन, आदल्या दिवशी फोर्टात मुक्काम. बाबा उतरले तर उतरले, नाहीतर ते आणि मी जहाजावर. त्याआधी या रविवारी गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर त्यांना होडीत चढवून-उतरवून बघतो.

जुना_खलाशी
धरणात लाट नसते, त्यामुळे ती परीक्षा पास झाली तरी अर्धीच समजा. पण नापास झाली तर पूर्ण. बघा, आणि पाऊल टाकताना ते थबकतात का ते लक्षात ठेवा. थबकत असतील तर जहाजावरून होडीत उतरवू नका.

खोबरेल
आणि मिशीचं?

गंगापूररोडकर
बाबा म्हणतात, मिशी काढायची असेल तर ते उतरणारच नाहीत.